पेटीवरचा आकडा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मांगरात, म्हणजे आंबे ठेवायच्या कोठारात, पाय ठेवायला जागा नसते. एका कोपऱ्यात पेंढा, दुसऱ्यात रिकाम्या पेट्यांची चळत, मधे आंब्यांची रास आणि राशीभोवती घरातली झाडून सगळी माणसं. आबा, म्हणजे माझे आजोबा, राशीच्या डोक्याशी बसतात. फळ हातात घेतलं की ते चाराचं, पाचाचं की सहाचं, हे त्यांना न मोजता कळतं. देवगडबाहेरच्यांसाठी सांगतो: पेटी तेवढीच असते. फळ मोठं असेल तर तिच्यात चार डझन मावतात, लहान असेल तर सात-आठ. म्हणून पेटी ‘चाराची’ नाहीतर ‘आठाची’. मोठ्या फळाला भाव जास्त, त्यामुळे चाराच्या पेटीचे पैसे आठाच्या पेटीपेक्षा जास्त येतात. झाकण ठोकून झालं की आबा पेटीच्या तोंडावर निळ्या रंगात आकडा घालतात आणि खाली आमचा मार्का.

मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा ठोकलेली पेटी उचकटून आतले आंबे मोजायला बसलो होतो. लिहिलेला आकडा खरा आहे का, ते बघायचं होतं. आबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “भायर लिवलला असा मां? मग उघडतंस कित्याक?”

प्रोग्रॅमिंगवर पोट भरायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. या धंद्यात एक वाद कधी मिटत नाही: कुठली वस्तू कशाची आहे हे सांगणारी खूण, म्हणजे टाइप, आधी लिहून घ्यायचे की प्रोग्रॅम चालताना बघायचे. त्या वादाचं पुस्तकी नाव स्टॅटिक आणि डायनॅमिक टायपिंग. मी दोन्ही बाजूंनी भांडलोय. पण त्याचा खरा अर्थ मला कळला तो गेल्या तीन हंगामांत, या मांगरात.

कॉम्प्युटरच्या पोटात शेवटी सगळे आकडेच. २३२५ ही आंब्यांची संख्या असू शकते, आणि युनिकोडच्या तक्त्यात ‘क’ या अक्षराचा क्रमांकही २३२५च आहे. नुसत्या आकड्याकडे बघून तो कशाचा हे कळत नाही. ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, त्यालाच टाइप म्हणायचं. प्रश्न एवढाच की लिहायचं कुठे. आबांच्या तरुणपणी आमच्याकडे पेट्यांवर आकडे घालतच नसत. मांगराच्या भिंती ठरलेल्या होत्या. उगवतीकडची भिंत पाचाची, तिच्यासमोरची सहाची, दाराजवळ सातआठ. पेटी कुठे ठेवली आहे त्यावरून ती काय आहे ते ठरायचं. सहाच्या भिंतीला पाचाची पेटी लावायला कुणी निघालं तर उचलायच्या आधीच चारजण थांबवायचे. हे स्टॅटिक. जागेला टाइप आहे, आणि जागा चुकली तर माल हलायच्या आधीच अडतो. नंतर आकडा पेटीवर आला. मग पेटी कुठेही ठेवा, अंगणात, पडवीत, गाडीत, ती स्वतःच सांगते मी कोण. हे डायनॅमिक. टाइप मालाबरोबर फिरतो, आणि कुणीतरी आकडा वाचेपर्यंत काहीही अडत नाही.

ही दोन्ही घराणी जवळजवळ एकाच वयाची आहेत, हे नव्या मुलांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान या भाषेत नावाच्या पहिल्या अक्षरावरून टाइप ठरायचा. इंग्रजी आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं पूर्णांकांची, बाकीची अपूर्णांकांची. लगेच १९५८ मध्ये जॉन मॅकार्थींनी लिस्प या भाषेचं काम सुरू केलं, तिथे टाइप मालाला चिकटलेला. म्हणजे एक शहाणी आणि दुसरी मागून आलेली, असं काही नाही.

तीन वर्षांपूर्वी मला पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी मिळाली आणि मी वाडीत राहायला आलो. आमच्यासह सहा घरांचा माल एकाच मार्क्याखाली वाशीला जातो. वाशीहून पट्टी येते, म्हणजे भाव, हमाली, भाडं, आडत सगळं मांडलेला हिशेबाचा कागद, आणि त्यातून प्रत्येक घराचा वाटा काढायचा असतो. बाबा तो वहीत काढायचे. मी म्हटलं, प्रोग्रॅम लिहितो. दोन संध्याकाळी पायथन या डायनॅमिक भाषेत लिहून झाला.

त्या दोन संध्याकाळींबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. आबा जेवता जेवता सांगायचे आणि मी तिथेच बदलायचो. कॅनिंगचा माल पेटीवर जात नाही, किलोवर जातो, हे मी विसरलो होतो. पाच मिनिटांत बसवलं. दोन घरं भाडं अर्धं अर्धं वाटून घेतात, तेही बसवलं. मला स्वतःलाच अजून कळलेलं नव्हतं की या हिशेबात कोणकोणत्या वस्तू आहेत, आणि पायथनने मला ते आधी सांगायची सक्ती केली नाही. सगळे टाइप आधी ठरवून द्यायला लागले असते तर पहिला हंगाम वहीतच गेला असता. डायनॅमिक भाषांना ‘पोरखेळ’ म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा मला त्या जेवणाच्या पंगती आठवतात आणि राग येतो. समजत नसलेली गोष्ट हाताने चाचपत समजून घ्यायची असेल तर त्यांच्यासारखी सोबत नाही.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. चौथ्या आठवड्यात मी एक सोय केली. शेजारची घरं फोनवर मेसेज पाठवतील, तो मेसेज प्रोग्रॅम वाचेल आणि पेट्या आपोआप चढतील. करून बघितलं, चाललं. त्याच रात्री नऊच्या सुमाराला गाडी अंगणात उभी, ड्रायव्हर घाई करतोय, सोबत द्यायची यादी छापायला घेतली, तर एका घराच्या पेटीपुढे नगांच्या रकान्यात छापलं होतं: ५५५५५५५५५५५५. आणि एकूण बेरजेशी येऊन प्रोग्रॅम बंद पडला.

डझनाला बाराने गुणून नग काढायचे, एवढंच ते गणित. पाच डझन म्हणजे साठ. पण मेसेजमधून आलेला ५ हा आकडा नव्हता, अक्षर होतं. पायथनमध्ये अक्षरांना आकड्याने गुणलं की ती अक्षरं तितक्या वेळा लागोपाठ लिहिली जातात. बारा वेळा पाच. आधीच्या फॉर्ममध्ये मी अक्षराचा आकडा करून घेत होतो, नव्या वाटेवर ते राहून गेलं. मी करून बघितलं होतं ते कॅनिंगच्या मालाचा मेसेज घालून. तिथे नग काढायचेच नसतात, म्हणून तो रस्ता कधी चाललाच नव्हता. डायनॅमिक भाषेची ही मेख आहे. ज्या ओळीवरून प्रोग्रॅम अजून गेलेला नाही तिथे काय वाढून ठेवलंय हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

घरात नेटवर्क असून नसल्यासारखं. प्रोग्रॅम चालतो तो भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर, म्हणून यादी कशीबशी उतरते, पण दुरुस्ती चढवायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर जावं लागतं, जिथे टॉवर दिसतो. बॅटरी घेऊन, काजूच्या बागेतून, उभ्या घाटीने मी वर गेलो, एक ओळ बदलली आणि खाली आलो. पाऊण तास गेला. तेवढा वेळ गाडी थांबली. आंबा रात्री निघून पहाटे बाजारात उभा राहायला हवा, पाऊण तास ही तिथे लहान गोष्ट नसते. वर कातळावर बसून मला वाटत होतं ते एवढंच, की ही चूक दुपारी घरात बसून, कुणाचीही गाडी न अडवता, दिसू शकली असती.

इथे पायथनच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तो बेरजेशी थांबला. अक्षर आणि आकडा यांची बेरीज करायला त्याने साफ नकार दिला. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केलेली जावास्क्रिप्ट ही भाषा तशी थांबत नाही. तिथे अक्षरातला ५ आणि आकडा १ मिळवला तर ५१ येतात, आणि वजा केला तर ४. ती पुढे चालत राहते, आणि चुकीची यादी गाडीबरोबर रवाना होते. लोक स्टॅटिक-डायनॅमिकच्या भांडणात हे मिसळून टाकतात, पण कडक-सैल हा प्रश्न निराळा आहे. पायथन डायनॅमिक असूनही कडक आहे. सी ही भाषा स्टॅटिक असूनही बऱ्याच ठिकाणी सैल सोडते.

आणि आपल्यासाठी, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी, याला आणखी एक पदर आहे. आमची माणसं मेसेजमध्ये कधी देवनागरी आकडा लिहितात, कधी इंग्रजी. पायथनला देवनागरी ‘१२’ देऊन याचा पूर्णांक कर म्हटलं तर तो बिनतक्रार बारा करून देतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. जावास्क्रिप्टला तेच सांगितलं तर ती हा आकडाच नव्हे म्हणते. पण अक्षर म्हणून ठेवलं तर पायथनमध्येही देवनागरी १२ आणि इंग्रजी 12 हे दोन वेगळे शब्द राहतात, आणि क्रम लावला की १० हा ९च्या आधी येतो. म्हणून माल दारातून आत येतानाच तो अक्षर आहे की आकडा, याचा निकाल लावायला हवा. आत आल्यावर कुणी विचारत बसत नाही.

दुसऱ्या हंगामाआधी, पावसाळ्यात, मी सगळ्या प्रोग्रॅमला टाइप लिहायला घेतले. पायथनमध्ये ही सोय २०१५ मध्ये, ३.५ आवृत्तीत आली. टाइप लिहिले तरी पायथन ते चालताना तपासत नाही. मायपाय नावाचा वेगळा प्रोग्रॅम असतो, तो तुमचा मजकूर न चालवता नुसता वाचतो आणि कुठे काय जुळत नाही ते सांगतो. थोडे थोडे लिहिले तरी चालतात, न लिहिलेलं तो सोडून देतो. या अशा हळूहळू कडक होण्याच्या रीतीला जेरेमी सीक आणि वलीद ताहा यांनी २००६ मध्ये ग्रॅज्युअल टायपिंग असं नाव देऊन तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेली टाइपस्क्रिप्टही अशीच जावास्क्रिप्टवर बसवलेली. तिच्यामागे अँडर्स हायल्सबर्ग आहेत, ज्यांनी आधी टर्बो पास्कल घडवली. तिथेही तपासणी झाली की टाइपच्या खुणा काढून टाकतात आणि खालची साधी जावास्क्रिप्टच चालते.

बाहेर धो धो पाऊस, वीज दिवसातून चार वेळा जाते, नेटवर्क तर नाहीच, आणि मी लॅपटॉपच्या बॅटरीवर मायपाय चालवतोय. त्याला यातलं काहीच लागत नाही. ना गाडी, ना पट्टी, ना माल. ताळा घ्यायला फक्त मजकूर पुरतो.

त्याने दाखवलेल्या चुकांत एक मला विसरता येत नाही. माल गेल्यावर भाव यायला दोन-चार दिवस लागतात. तोवर भावाची जागा रिकामी. मायपायने विचारलं, इथे भाव असेल किंवा काहीच नसेल, नसेल तेव्हा गुणाकार कशाचा करायचा? मी पहिल्या वर्षी अशा पेट्यांचा भाव शून्य धरत होतो. पण ‘भाव आला नाही’ आणि ‘भाव शून्य आला’ या दोन गोष्टी किती वेगळ्या, ते बागायतदाराला विचारा. हे ‘काहीच नाही’ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणलं, आणि पुढे त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कितीतरी भाषांनी ते तसंच उचललं. मायपायने मला ते नजरेआड करू दिलं नाही. आता आमच्या यादीत तिथे ‘पट्टी यायची आहे’ असं छापून येतं.

दुसऱ्या हंगामात मात्र याहून खोल जखम झाली, आणि ती टाइप लिहिलेले असताना झाली. शेजारच्या तात्यांच्या आठ पेट्या गेल्या, पाचाच्या. हिशेबाच्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या तेवढ्या तुकड्याला, दोन आकडे जातात, आधी पेट्या आणि मग प्रत्येकीतले डझन. एका ठिकाणी मी ते उलटे दिले होते. आठाच्या पाच पेट्या झाल्या. गुणाकार बघा: दोन्हीकडे चाळीस डझन, चारशे ऐंशी नग. मी ताळा घ्यायचो तो एकूण डझनांचा, तो तंतोतंत जुळला. दोन्ही पूर्णांक, म्हणून मायपायलाही काही वावगं दिसलं नाही. पण तात्यांच्या मोठ्या फळाला लहान फळाचा भाव लागला, तोही पाचच पेट्यांना, आणि त्यांच्या वाट्याचे पैसे बाकीच्या घरांत वाटले गेले. तात्या आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एक दिवस पडवीत येऊन बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “बाबू, ह्या वर्षी माझा फळ बारीक न्हवता रे.” पैसे मी त्या रात्रीच फिरवले. त्यांचा तो आवाज अजून कानात आहे.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोचता पोचता हरवलं ते अशाच जातीच्या चुकीने. एका बाजूचं सॉफ्टवेअर आवेग पौंड-सेकंदात देत होतं, दुसरी बाजू तो न्यूटन-सेकंद समजून घेत होती. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. आकडे दोन्हीकडे आकडेच होते. मी ही गोष्ट कॉलेजात ऐकली होती आणि पुढे गेलो होतो. तात्यांनंतर पुन्हा वाचली.

मग मी पेटी आणि डझन असे दोन स्वतंत्र टाइप केले. आतून दोन्ही पूर्णांकच, पण एकाच्या जागी दुसरा द्यायला गेलं की मायपाय अडवतो. एकूण चार-पाच ओळींचं काम. ते केल्यावर त्याने आणखी एक उलटी जागा दाखवली, जी अजून कुणाला बाधली नव्हती. म्हणून माझं मत असं झालंय की टाइप आहेत की नाहीत यापेक्षा ते कशाचे आहेत हे बघावं. सगळीकडे नुसता पूर्णांक लिहून ठेवणं म्हणजे सगळ्या पेट्यांवर ‘आंबा’ असं लिहिणं. खोटं काही नाही, पण बाजारात त्याचा उपयोग शून्य.

आणि एवढं करूनही साका राहतोच. हापूस बाहेरून सोन्यासारखा असतो, डाग नाही, वास घरभर, आणि कापला की कोयीशी पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. पेटीवरचा आकडा बरोबर, फळाचा आकार बरोबर, मार्का बरोबर. आबा म्हणतात, “कापल्याशिवाय कळाचा नाय.” एरियान-५ हे रॉकेट ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. त्याचं सॉफ्टवेअर अडा या अत्यंत कडक स्टॅटिक भाषेत लिहिलेलं होतं. ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायचा होता, आणि १६ बिटांत ३२७६७च्या वर आकडा जात नाही. तो गेला. टाइप जुळलेले होते, आतली किंमत मावणारी नव्हती. २०१७च्या एका अभ्यासात जावास्क्रिप्टच्या प्रत्यक्ष दुरुस्त झालेल्या ४०० चुका घेऊन पाहिलं, की आधीच टाइप लिहिलेले असते तर किती पकडल्या गेल्या असत्या. उत्तर आलं १५ टक्के. माझे स्टॅटिकवाले मित्र हा आकडा ऐकून खट्टू होतात, डायनॅमिकवाले खूश होतात. मला तो प्रामाणिक वाटतो. शंभरातल्या पंधरा पेट्या गाडीत चढायच्या आधी बाजूला निघाल्या तर कुठला बागायतदार नको म्हणेल? उरलेल्या पंच्याऐंशींसाठी कापून बघावंच लागतं, म्हणजे प्रोग्रॅम चालवून, चाचण्या लिहून.

यंदा तो प्रोग्रॅम माझी चुलतबहीण बघते. कणकवलीला कॉलेज करते, प्रोग्रॅमिंग ती माझ्याच शेजारी बसून शिकली. पहिला महिनाभर टाइपांनी तिला छळलं, आणि मी ते बघत होतो. शिकणाऱ्याला आधी हिशेब चाललेला दिसायला हवा, अडवणारा दरवान नंतर, हे मला पटतं, म्हणून काही दिवस मी मायपाय बंदच ठेवला. मग एकदा मी दोन दिवस पुण्यात होतो आणि तिला बाबांसाठी काही बदलायचं होतं. फोन आला नाही. परत आल्यावर विचारलं तर म्हणाली, फंक्शनच्या पहिल्या ओळीतच लिहिलं होतं ना, पेट्या आत जातात आणि रुपये बाहेर येतात, मग तुला कशाला विचारू?

परवा संध्याकाळी मांगरात पायरी आली. गेली दोन वर्षं आम्ही ती सुटी विकत होतो, यंदा पेट्या भरायच्या ठरल्या. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन पेंढ्याच्या ढिगावर बसलेली. “दादा, पायरीची पेटी हापसातच धरूची काय येगळी?” मी काही बोलायच्या आत राशीच्या डोक्यावरून आबा म्हणाले, “येगळी. भाव येगळो, पेटी येगळी.”

तिने पेटीचे दोन टाइप केले आणि मायपाय चालवला. चौदा ठिकाणी लाल ओळी आल्या. ती वरून एकेक वाचायला लागली. यादी छापण्याची जागा, भाड्याची, वाट्याची, आणि एक मीही पार विसरून गेलेली, मागच्या वर्षीच्या माझ्या हातची. प्रत्येकाशी थांबून ती आबांना विचारायची, इथे काय करायचं, आणि आबा हातातला आंबा फिरवत सांगायचे. नवव्या जागेशी वीज गेली. तिने स्क्रीनचा उजेड कमी केला आणि दहावी जागा वाचायला घेतली. गाडी यायला अजून दोन तास होते.